कीमोलिथोऑटोट्रॉफिक: एकवीस अक्षरांचा शब्द फोडायचा कसा, उच्चारायचा कसा

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द आला की डोळा तो वाचत नाही, सरळ त्याच्यावरून उडी मारतो. स्पेलिंग बघा: सी-एच-ई-एम-ओ-एल-आय-टी-एच-ओ-ए-यू-टी-ओ-टी-आर-ओ-पी-एच-आय-सी. एकवीस अक्षरं, मध्ये कुठे रेघ नाही की जागा नाही. वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की बरेच जण "केमो... काहीतरी... ट्रॉफिक" असं म्हणून पुढे सरकतात.

खरं तर शास्त्रीय इंग्रजीतले सर्वांत लांब शब्द बहुधा सर्वांत सोपे असतात, कारण ते जोडून बनवलेले असतात आणि त्यांचे सांधे दिसतात. 'कर्नल' किंवा 'यॉट' असल्या छोट्या शब्दांचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ कशानेच लागत नाही, ते पाठच करावे लागतात. कीमोलिथोऑटोट्रॉफिक मात्र कधीही न ऐकता, नुसता कागदावर बघून, जवळजवळ बिनचूक उच्चारता येतो.

त्यासाठी एक गोष्ट आधीच पक्की करा. लांब शब्दाची फोड दोन तऱ्हेने होते: एक अर्थाची, एक उच्चाराची. या दोन्ही फोडी सगळीकडे एकाच जागी पडत नाहीत, आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो. आधी अर्थाची फोड पूर्ण करायची, मगच तोंड उघडायचं.

पायरी पहिली: शेवटापासून सुरुवात

डावीकडून वाचत गेलात तर 'केमोलि' पर्यंत पोचता पोचता धाप लागते. म्हणून उजवीकडून या. शेवटची दोन अक्षरं आय-सी. हा 'इक' प्रत्यय. ग्रीकमधला 'इकोस', लॅटिनमध्ये 'इकुस', इंग्रजीत येईपर्यंत नुसता 'इक' उरला. त्याचं काम नामाचं विशेषण करणं. मराठी वाचकाला हे नव्याने शिकायचं कारणच नाही: शरीर-शारीरिक, समाज-सामाजिक, विज्ञान-वैज्ञानिक. रूपही तेच, कामही तेच.

'इक' बाजूला काढला की उरतो कीमोलिथोऑटोट्रोफ. हे नाम, त्या तऱ्हेने जगणाऱ्या जिवाचं. 'इक'च्या जागी वाय हे अक्षर लावलं की त्या जगण्याच्या पद्धतीचं नाव मिळतं. म्हणजे एक शब्द उलगडला की तीन हाती लागतात. या तिघांचा उच्चार मात्र सारखा नाही, त्याकडे पुढे येऊच.

पायरी दुसरी: 'ओ' शोधा

ग्रीक शब्द एकमेकांना जोडताना मध्ये बहुधा 'ओ' येतो. दोन तुकड्यांमधला हा सांधा. म्हणून ग्रीक वळणाचा लांब शब्द दिसला की पेन्सिल घ्या आणि प्रत्येक 'ओ'नंतर बारीक रेघ मारा. इथे चार 'ओ' आहेत. रेघा मारल्यावर असं दिसतं: कीमो, लिथो, ऑटो, ट्रो, फिक.

पहिल्या तीन रेघा बरोबर पडल्या. चौथी चुकली, कारण 'ट्रोफ' या तुकड्यातला 'ओ' सांध्याचा नाही, तो तुकड्याच्या पोटातला आहे. हे ओळखायचं कसं? रेघेच्या दोन्ही बाजूंचे तुकडे दुसऱ्या एखाद्या शब्दात भेटलेत का ते आठवा. 'कीमो' केमोथेरपीत आहे, 'लिथो' लिथोग्राफीत आहे, 'ऑटो' तर रस्त्यावरच आहे. नुसता 'ट्रो' मात्र कुठे भेटत नाही, भेटतो तो 'ट्रोफ'. म्हणून शेवटची रेघ पुसायची आणि 'ट्रोफ'नंतर मारायची.

आता अर्थाची फोड पक्की झाली: कीमो + लिथो + ऑटो + ट्रोफ + इक. पाच तुकडे.

'लिथो' आणि 'ऑटो' यांच्यामधली जागा नीट बघून घ्या. तिथे ओ, ए, यू असे तीन स्वर ओळीने उभे आहेत आणि घोळ तिथेच होतो. सांधा ठाऊक नसेल तर कोणी 'थोआउ' म्हणतो, कोणी 'थौटो'. ठाऊक असेल तर प्रश्नच उरत नाही. 'ओ' मागच्या तुकड्याचा, 'ए-यू' पुढच्या तुकड्याचा. जुन्या ग्रीक शब्दांत पुढे स्वर आला की सांध्याचा 'ओ' गळून जायचा; म्हणून 'सायकोलॉजी'त 'ओ' आहे आणि 'सायकिअ‍ॅट्री'त नाही. आधुनिक शास्त्रीय शब्द घडवताना मात्र तुकडे ओळखता यावेत म्हणून तो पुष्कळदा ठेवतात. गॅस्ट्रोएन्टरायटिस या शब्दात तसाच ठेवला आहे.

पायरी तिसरी: प्रत्येक तुकड्याची ओळख

'कीमो' म्हणजे रसायनाशी संबंधित. मूळ शोधत गेलं तर आपण केमिस्ट्रीवरून अल्केमीवर येतो, तिथून अरबी 'अल्-कीमिया'वर आणि तिथून उत्तरकालीन ग्रीकवर. हीच अरबी 'कीमिया' फारसीच्या वाटेने मराठीत 'किमया' होऊन आली. केमिस्ट्री आणि किमया या सख्ख्या बहिणी आहेत, हे कळल्यावर सी-एच चा उच्चार 'च' करण्याचा मोह आपोआप सुटतो.

'लिथो' म्हणजे दगड, ग्रीक 'लिथोस'. लिथोग्राफी म्हणजे शिळाछाप. निओलिथिक म्हणजे नवाश्मयुगीन. लिथियम हे मूलद्रव्य १८१७ मध्ये एका खनिजात सापडलं, म्हणून त्याला दगडावरून नाव मिळालं. आपल्या शब्दात 'दगड' हा खनिज, अजैव पदार्थ या व्यापक अर्थाने आला आहे. जिवाणू दगड चघळत नाहीत.

'ऑटो' म्हणजे स्वतः. ऑटोग्राफ म्हणजे स्वाक्षरी, ऑटोबायोग्राफी म्हणजे आत्मचरित्र.

'ट्रोफ' म्हणजे पोषण. स्नायूंची झीज होते तेव्हा डॉक्टर 'अ‍ॅट्रफी' म्हणतात. त्यातला 'अ' नकाराचा आणि पुढे हाच तुकडा, म्हणजे पोषणाचा अभाव.

पाठोपाठ ठेवा: रसायन, अजैव, स्वतः, पोषण. शाळेच्या पुस्तकातला 'स्वयंपोषी' हा शब्द आठवला असेल, तो 'ऑटोट्रॉफिक'साठीच आहे. सुरुवातीचे दोन तुकडे त्या स्वयंपोषणाची तऱ्हा सांगतात.

पायरी चौथी: तुकडे विचारतात तरी काय

ही पायरी उच्चाराच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण अर्थ बसला की तुकड्यांचा क्रम विसरत नाही, आणि क्रम विसरला नाही की जीभ अडखळत नाही.

सजीवांना पोषणाबद्दल तीन प्रश्न विचारता येतात. ऊर्जा कुठून घेता? प्रकाशातून घेत असाल तर 'फोटो', रासायनिक अभिक्रियेतून घेत असाल तर 'कीमो'. इलेक्ट्रॉन कोणाकडून मिळवता? अजैव पदार्थाकडून तर 'लिथो', सेंद्रिय पदार्थाकडून तर 'ऑर्गॅनो'. शरीर बांधायला कार्बन कुठून आणता? कार्बन डायऑक्साइडमधून स्वतः बांधत असाल तर 'ऑटो', दुसऱ्याने तयार केलेल्या सेंद्रिय पदार्थांतून तर 'हेटरो'. तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे आठ जोडण्या. उत्तरं याच क्रमाने लिहायची आणि शेवटी 'ट्रॉफिक' लावायचं.

हिरवी झाडं प्रकाशातून ऊर्जा घेतात, इलेक्ट्रॉन पाण्याकडून मिळवतात आणि कार्बन हवेतून. म्हणून ती फोटोलिथोऑटोट्रॉफिक. तुम्ही-आम्ही तिन्ही कामांसाठी खाल्लेल्या अन्नावर अवलंबून, म्हणून कीमोऑर्गॅनोहेटरोट्रॉफिक. हा शब्द तर आपल्या शब्दाहूनही लांब आहे, आणि इथवर आलेल्या वाचकाला तो एव्हाना वाचता आलेला असणार.

आपला शब्द लागू होतो तो उजेडाशिवाय, अन्नाशिवाय, निव्वळ अजैव रसायनांवर जगणाऱ्यांना. नायट्रोसोमोनास हे मातीतले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवर आपलं भागवतात. असं जगता येतं हे सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलं. १८८७ मध्ये बेगियाटोआ या गंधक वापरणाऱ्या जिवाणूंवरचं त्याचं काम प्रसिद्ध झालं आणि पाठोपाठ नायट्रीकरणावरचं. तुकडे जोडून नावं ठेवायच्या या पद्धतीला १९४६ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या परिषदेत नीट चौकट मिळाली. पुढे १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोल समुद्रतळाशी उष्ण झऱ्यांभोवती अख्खी वसाहत सापडली. तिथल्या प्रौढ महाकाय नळीकृमींना तोंड नाही, आतडं नाही. शरीरात वस्तीला असलेले कीमोलिथोऑटोट्रॉफिक जिवाणू त्यांना पोसतात. एरवी पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात पडून राहिला असता असा हा शब्द त्यानंतर बराच वापरात आला.

पायरी पाचवी: सिलॅबल मोजा

आता उच्चाराची फोड. सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवतीचा आवाजाचा एक तुकडा. जितके स्वर ऐकू येतात तितके सिलॅबल. ऐकू येतात, हे महत्त्वाचं. लिहिलेले स्वर मोजायचे नाहीत.

स्पेलिंगमध्ये स्वरांची अक्षरं नऊ आहेत: ई, ओ, आय, ओ, ए, यू, ओ, ओ, आय. पण ए-यू मिळून 'ऑ' हा एकच आवाज होतो. म्हणून सिलॅबल आठ: की-मो-लि-थो-ऑ-टो-ट्रॉ-फिक.

देवनागरीत लिहून मोजणाऱ्याची इथे हमखास एकाने चूक होते. देवनागरीत ही अक्षरं नऊ भरतात, कारण शेवटचा 'क' वेगळा लिहिला जातो. पण त्यातला 'अ' आपण उच्चारत नाही. मराठीतही हेच चालतं: 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना 'क-मळ्' असे दोनच सिलॅबल. अष्टाक्षरीच्या हिशोबाने मोजाल तर हा शब्द एका अक्षराने जास्त भरेल, इंग्रजी कानाला मात्र चोख आठ. खात्री करायची तर हनुवटीखाली हात धरा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके सिलॅबल.

आता दोन्ही फोडी शेजारी ठेवा. अर्थाच्या फोडीत शेवट 'ट्रोफ + इक' असा आहे, उच्चाराच्या फोडीत 'ट्रॉ-फिक'. पी-एच चा 'फ' अर्थाने मागच्या तुकड्याचा आहे, उच्चारात मात्र तो पुढच्या सिलॅबलला चिकटतो. तोंडी वाचताना कोणी 'ट्रोफ' म्हणून थांबला आणि मग वेगळा 'इक' लावला, तर त्याने अर्थाची फोड तोंडात आणली असं समजायचं. अर्थाचे पाच तुकडे आणि आवाजाचे आठ, दोन्ही आकडे बरोबर आहेत.

तिसरीही एक फोड आहे, छपाईची. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर तो कुठे तोडायचा हे दाखवायला अनेक इंग्रजी शब्दकोश मूळ शब्दात टिंबं देतात. ती टिंबं म्हणजेच सिलॅबल अशी पुष्कळांची समजूत असते. ती ओळ तोडण्याच्या जागा दाखवतात. उच्चार त्यापुढे वेगळा दिलेला असतो, तो बघायचा. तुम्हाला स्वतःला हा शब्द ओळीच्या शेवटी तोडावा लागला तर अर्थाच्या सांध्यावर तोडा, कीमो किंवा लिथो किंवा ऑटोनंतर. वाचणारा दुवा देईल.

पायरी सहावी: आवाज

शब्दात सी-एच, टी-एच, पी-एच या तिन्ही जोड्या आहेत. एकाच शब्दात यांतल्या दोन दिसल्या तरी तो ग्रीक वळणाचा आहे असं धरून चालायला हरकत नाही, आणि तसं असेल तर सी-एच म्हणजे 'क'. क्लोरीन, क्रोमोसोम, आर्किऑलॉजी यांच्यासारखाच. 'च' चेअरमध्ये, 'श' शेफमध्ये. त्या शब्दांची घराणी वेगळी.

पहिला सिलॅबल 'की' की 'के'? शब्दकोशांत दोन्ही मिळतात. मी 'की' सुचवीन, कारण केमोथेरपी या शब्दाचाही इंग्रजी उच्चार 'की'नेच सुरू होतो आणि एकच सवय दोन्हीकडे कामाला येते. पण केमिस्ट्रीवरून 'के' म्हणणाऱ्याला कोणी चुकीचं ठरवू नये.

टी-एच आणि पी-एच यांची गंमत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. प्राचीन ग्रीकमध्ये थीटा, फाय आणि खाय ही तीन अक्षरं होती आणि त्यांचे अभिजात काळातले उच्चार जवळजवळ आपल्या थ, फ, ख यांच्यासारखे महाप्राण होते. रोमनांकडे महाप्राण अक्षरं नव्हती, म्हणून त्यांनी टी, पी, सी यांना एच जोडून काम भागवलं. पुढे ग्रीकचे उच्चार बदलले, इंग्रजीने आपले निराळे घेतले, स्पेलिंग मात्र रोमनांचं राहिलं. म्हणजे मराठी माणूस 'लिथो' मधला थ आपल्या थवा-थंडीतल्या थ सारखा म्हणतो तेव्हा तो इंग्रजांपेक्षा जुन्या ग्रीकांच्या जास्त जवळ असतो. ऐकणारा मात्र आजच्या इंग्रजीचा असतो, म्हणून फरक माहीत हवा. आपला थ म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकून हवा अडवतं आणि मग सोडतं. इंग्रजी आवाजात हवा अडतच नाही; जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकं ठेवायचं आणि फटीतून हवा जाऊ द्यायची. तपासायचं असेल तर आवाज लांबवून बघा. इंग्रजीतला हवा तितका लांबवता येतो, आपला थ लांबत नाही.

'फिक'मधल्या फ चं तसंच. 'फळ' म्हणताना दोन्ही ओठ मिटत असतील तर तो इंग्रजी एफचा आवाज नव्हे. खालचा ओठ वरच्या दातांना हलका लावा, बस्स.

'ऑ' आपल्याला ऑफिसपासून ओळखीचा आहे, त्याला इथे जरा लांबवा. 'औ' नको. 'ट्रॉ' ऐवजी 'ट्रो' म्हणणारेही भरपूर आहेत, विशेषतः अमेरिकेत, आणि तेही शब्दकोशमान्य आहे. 'टो'मधला टी अमेरिकन तोंडी मऊ होऊन 'ड'कडे झुकतो. मुद्दाम तसं म्हणायची गरज नाही, ऐकल्यावर ओळखता आलं की झालं.

पायरी सातवी: आघात

आवाज थोडे इकडेतिकडे झाले तरी चालून जातं. आघात चुकला तर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. मराठीत आपण सगळे सिलॅबल साधारण सारख्या जोराने म्हणतो, लघु-गुरूचा फरक असतो तो लांबीचा. इंग्रजीत एक सिलॅबल जोर, उंची आणि लांबी तिन्हींनी उठतो आणि बाकीचे दबतात.

नियम सोपा आहे: 'इक'ने संपणाऱ्या शब्दात मुख्य आघात 'इक'च्या लगेच आधीच्या सिलॅबलवर. सायन्टिफिकमध्ये 'टि'वर, इकॉनॉमिकमध्ये 'नॉ'वर, मॅग्नेटिकमध्ये 'ने'वर. आपल्या शब्दात 'ट्रॉ'वर. मराठीतला 'इक' शब्दाच्या डोक्याला हात घालतो, इतिहासचा ऐतिहासिक आणि भूगोलचा भौगोलिक करतो. इंग्रजीतला 'इक' आपल्या लगतच्या शेजाऱ्याला उचलतो.

अपवाद आहेत, पण थोडे: ल्यूनॅटिक, हेरेटिक, कॅथलिक, अ‍ॅरबिक, रेटरिक. यांत आघात पहिल्यावर. यातले बहुतेक नाम म्हणूनही वापरले जातात हे लक्षात घेण्याजोगं आहे. आर्सेनिक हा तर दोन्ही बाजूंनी खेळतो: मूलद्रव्याचं नाव म्हणून आघात 'आर'वर, आणि आर्सेनिक अ‍ॅसिडमध्ये विशेषण झाला की नियमाप्रमाणे 'से'वर. अंकगणित या अर्थाचा अरिथ्मेटिकही तसाच, नाम असताना दुसऱ्या सिलॅबलवर आणि विशेषण असताना तिसऱ्यावर. लांब शास्त्रीय विशेषणांत हा नियम क्वचितच दगा देतो.

आठ सिलॅबलच्या शब्दाला एकच आघात पुरत नाही, म्हणून मुख्य आघाताच्या आधी दुय्यम आघात पडतात: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्यावर. म्हणजे की, लि, ऑ यांवर मध्यम जोर, ट्रॉ वर पूर्ण जोर, आणि मो, थो, टो, फिक हे चारही हलके. शब्दकोशात मुख्य आघाताची उभी रेघ सिलॅबलच्या आधी वर दिलेली असते, दुय्यमची खाली. हलक्या सिलॅबलमधले स्वर पूर्ण म्हणायचा आग्रह धरू नका. 'टो' तर पुष्कळदा पुसट होऊन 'ट' इतकाच उरतो. जड-हलका, जड-हलका असा हा चार वेळचा ठेका आहे. टेबलावर बोटाने धरून म्हटलात तर पटकन बसतो.

आता त्या तीन भावंडांकडे. ऑटोट्रोफ या नामात मुख्य आघात 'ऑ'वर. शेवटी वाय लागून पद्धतीचं नाव झालं की आघात दुसऱ्या सिलॅबलवर सरकतो आणि त्यातला स्वरही उघडतो: ऑ-टॉ-ट्र-फी. विशेषणात तो 'ट्रॉ'वर जातो. स्पेलिंग जवळजवळ तेच, पण आघात तीन ठिकाणी. फोटोग्राफ, फोटोग्राफी, फोटोग्राफिक हे त्रिकूट इंग्रजीत अगदी याच चालीने चालतं: पहिल्यात 'फो'वर, दुसऱ्यात 'टॉ'वर, तिसऱ्यात 'ग्रॅ'वर. मराठीत आपण तिन्ही एकाच सुरात म्हणतो, म्हणून हा फरक कानाला लागत नाही. 'ट्रफी'ने संपणाऱ्या शब्दांत आघात त्याच्या लगेच आधी येतो हे ध्यानात ठेवलं की अ‍ॅट्रफी, डिस्ट्रफी, हायपर्ट्रफी सगळे एका फटक्यात सुटतात.

क्रियाविशेषण करायचं तर 'इक'पुढे ए-एल-एल-वाय लागतं. लिहिताना वाटतं की दोन सिलॅबल वाढले. बोलताना 'ए' गिळला जातो आणि नुसतं 'इक्ली' होतं. एकूण नऊ. आघात जिथे होता तिथेच.

पायरी आठवी: उलटं म्हणा

सुरुवातीपासून म्हणत गेलं की सुरुवात दहादा पाठ होते आणि शेवट कच्चा राहतो. मुख्य आघात तर शेवटाकडे. म्हणून मागून बांधत या: फिक. ट्रॉफिक. टोट्रॉफिक. ऑटोट्रॉफिक. इथे जरा थांबा, कारण हा स्वतंत्र शब्द आहे, तो पक्का होऊ द्या. मग थोऑटोट्रॉफिक, इथेच तो तीन स्वरांचा सांधा आहे. 'थो' आणि 'ऑ' यांच्यात श्वास तोडू नका, पण 'ऑ'ला नव्याने जोर द्या, म्हणजे दोघे एकमेकांत मिसळणार नाहीत. मग लिथोऑटोट्रॉफिक, हाही वापरातला शब्द. मग मोलिथोऑटोट्रॉफिक, आणि शेवटी पूर्ण. प्रत्येक फेरीत 'ट्रॉ'चा जोर जागचा हलला नाही ना, तेवढं कानाने तपासत राहायचं.

दोन जुळ्या जोड्या, ज्या फसवतात

'ट्रोफ' आणि 'ट्रोप' यांत एका एचचा फरक आहे. 'ट्रोप' म्हणजे वळणं. फोटोट्रॉपिक म्हणजे प्रकाशाकडे वळणारं, खिडकीकडे झुकणाऱ्या रोपासारखं. फोटोट्रॉफिक म्हणजे प्रकाशावर पोसणारं. एकच रोप दोन्ही असतं, त्यामुळे संदर्भावरूनही चूक पकडली जात नाही, आणि उत्तरपत्रिकेत हा एच सर्रास गळतो. बक्षिसाच्या ट्रॉफीत पी-एच आहे म्हणून तिचा पोषणाशी संबंध लावू नका. ती 'ट्रोप'च्या घरातली: शत्रूने पाठ फिरवली त्या जागी ग्रीक लोक उभारत ते विजयचिन्ह. लॅटिनमध्ये जाताना तिला तो एच चिकटला.

दुसरी जोडी 'सायको' आणि 'सायक्रो'. पहिल्याचा अर्थ मन, दुसऱ्याचा थंडी. स्पेलिंगमध्ये फरक एका आरचा. सायक्रोफिलिक जिवाणू थंडीत रमतात, त्यांच्या मनाचा काही प्रश्न नसतो. हा शब्द आता स्वतः फोडून बघा. स्पेलिंग पी-एस-वाय-सी-एच-आर-ओ-पी-एच-आय-एल-आय-सी. शेवटी 'इक', त्याआधी 'फिल' म्हणजे आवड असणारा, सांधा 'ओ'वर. अर्थाचे तुकडे तीन. सुरुवातीचा पी मुका, सी-एच म्हणजे 'क', सिलॅबल चार: साय-क्रो-फि-लिक. मुख्य आघात 'फि'वर, दुय्यम 'साय'वर.

तो जमला असेल तर पॉयकिलोथर्मिक घ्या, म्हणजे भोवतालानुसार ज्याचं तापमान बदलतं असा प्राणी. आणि मग तळ्यांच्या अभ्यासातलं जोडपं, ऑलिगोट्रॉफिक आणि यूट्रॉफिक: एक पोषकद्रव्यं कमी असलेलं तळं, दुसरं भरपूर असलेलं. दोन्हींच्या शेवटी तोच तुकडा आहे, तोच आघात. यूट्रॉफिकमध्ये सुरुवातीला ई-यू आहे आणि त्याचा अर्थ 'चांगलं' असा, पण अशा तळ्यात शेवाळ माजून प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. अर्थाची फोड शब्द कुठून आला ते सांगते; तळ्याचं काय झालं, ते पाण्याजवळ जाऊनच बघावं लागतं.